भिंतीच्या जागी चर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडनच्या कुरणाचे, म्हणजे त्या जुन्या वाड्याच्या आणि बागेच्या अवशेषांचे, फोटो पाहिले. भर दुपारी काढलेस ना? म्हणून सगळं सपाट दिसतंय. हिवाळ्यात ऊन कलल्यावर पुन्हा जा. वीतभर बांधाचीसुद्धा तेव्हा हातभर सावली पडते.

तुझ्या आराखड्यात दिसेल त्या उंचवट्याला तू 'भिंत' म्हटलंयस. तिथेच घोळ आहे. सर बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनचा रेशमाचा व्यापारी, राजाला कर्ज देण्याइतका गब्बर. त्याने 1612-13च्या सुमारास इथे टोलेजंग घर बांधलं. 1645मध्ये, यादवी युद्धात, राजाच्याच फौजेने गाव सोडताना ते पेटवून दिलं. जेमतेम 32-33 वर्षांचं आयुष्य! उरलासुरला तुकडा जवळून बघ, पिवळसर चुनखडी आगीने गुलाबी पडलीय. जळका वाडा म्हणजे आसपासच्यांना दगडाची आयती खाण. आपल्याकडच्या पडक्या वाड्यांची जोती कुठे गेली, ते तुला सांगायला नको. लोक पायापर्यंत खणून दगड नेतात, चुना नि कपच्या बाजूला फेकतात. मग भिंत होती तिथे चर पडतो आणि उंचवटा असतो तो नुसत्या राड्यारोड्याचा. कोरड्या उन्हाळ्यात गवतही हेच सांगतं. पाया शाबूत असेल तिथलं गवत आधी पिवळं पडतं, बुजलेल्या चरावरचं हिरवं राहतं.

बागेचं तसं नाही. तिथे मुख्य काम मातीचं, आणि माती कोण पळवणार? घरापुढचा, दोन मेजवानीघरांमधला तो लांब सपाट पट्टा म्हणून टिकला. जेवणं झाली की पाहुण्यांनी गोडधोड खायला त्या छोट्या इमारतींत जायचं आणि वरून बाग न्याहाळायची, असा थाट. टेप लावण्याआधी तिथे नुसती चाल. उतार कुठे मोडतो ते डोळ्यांआधी पोटऱ्यांना कळतं.

कुठल्याही कुरणात जुन्या नांगरटीचे सरी-वरंबे दिसले, तर ते बागेच्या बांधाखाली जातात की त्यावर चढतात, एवढं बघ. बांधाने वरंबे तोडले असतील तर नांगरट आधीची. बाकीच्या तारखा नंतर.

आणि नाव देण्याची घाई नको. एका जागी गोल टेकाड दिसलं, तर मी नकाशावर ऐटीत लिहिलं: 'बाग न्याहाळण्यासाठी रचलेली टेकडी, सतरावं शतक.' शेजारचा शेतकरी पोट धरून हसला. त्याच्या वडिलांनी तळ्यातला गाळ उपसून टाकला होता तिथे. तेव्हापासून आधी शेतकऱ्याकडे चहा, मग पेन्सिल.

जागा संरक्षित आहे, तेव्हा खुंटी ठोकण्याआधीसुद्धा परवानगीचं विचारून घे. पुढच्या खेपेला फोटो नकोत, हाताने काढलेला नकाशा पाठव. उताराच्या रेघा माथ्याला जाड आणि पायथ्याकडे निमुळत्या काढ. मागच्या वेळी उलट्या काढल्या होत्यास, आणि तुझं तळं टेकडीवर चढलं होतं.