ब्रश हातात घेणं जीवावर येतं तेव्हा

वाचकांचे प्रश्न : मिनिएचर पेंटिंग

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पाच वर्षं टेबलटॉप गेमच्या (टेबलावर मांडून खेळायच्या गेमच्या) मिनिएचर फिगर, म्हणजे इवले पुतळे, रंगवतोय. आधी जेवण झालं की थेट टेबलावर बसायचो, बारा कधी वाजले कळायचंच नाही. पण गेल्या आठ महिन्यांत एकही फिगर पूर्ण झालेली नाहीये. साठेक फिगर प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर) मारून कपाटावर उभ्या आहेत आणि त्यातल्या 20 जणांची एक तुकडी बेसकोट (पहिला सपाट रंग) अर्धवट होऊन अडकलीये. रंगवायचे व्हिडिओ मात्र रोज बघतो, नवीन बॉक्सपण घेतो, पण टेबलाजवळ गेलं की नको वाटतं. माझी हौस संपली का? सगळं विकून टाकू का?

उत्तर : विकू नका हो, निदान आत्ता तरी नको. ज्याची हौस संपलीये तो रोज व्हिडिओ कशाला बघेल? मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती 20 जणांची तुकडी, कारण अगदी तिथेच मीपण अडकले होते.

जरा हिशोब करून बघा. एका सैनिकावर बूट, पट्टा, म्यान, बाह्या, हात, चेहरा, ढाल असे धरून चालू की बारा भाग आहेत, म्हणजे 20 जणांचे झाले 240, आणि बेसकोट ही सगळ्यात कुरूप पायरी असते, सपाट रंग, कडांवर सांडलेला, काहीच उठून दिसत नाही. फिगरमध्ये जीव येतो तो वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि हायलाइटला (उंचवट्यांवरचा उजळ रंग). वीस एकदम घेतल्या की तुम्ही कित्येक आठवडे त्या कुरूप पायरीवरच बसून राहता, रोज संध्याकाळी दोन तास काम करून समोर काय, तर तेच सपाट चेहरे. अशाने कोणाचंही मन उडेल. म्हणून त्या वीसमधल्या फक्त तीन उचला आणि त्या पार शेवटपर्यंत न्या, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) वाळू चिकटवून बेसची कड काळी करेपर्यंत. बाकीच्या सतरा आणि ते कपाटावरचे सगळे एका झाकणाच्या खोक्यात घाला आणि खोकं नजरेआड ठेवा. हे मी फार मनापासून सांगतेय, कारण न रंगवलेल्या साठ फिगर दिवसभर डोळ्यांसमोर असल्या की टेबलावर बसणं म्हणजे थकलेलं कर्ज फेडायला बसल्यासारखं होतं.

त्या तीनच्याही आधी एक करा. सैन्यातली नसलेली, कुठल्याही गेममध्ये लागणार नाही अशी एकच फिगर घ्या, जी तुम्हाला नुसती बघायलाच आवडते. मी घेतली होती कंदील धरलेली एक म्हातारी, पायापर्यंत लांब झगा. झग्याला फिकट राखाडी रंग दिला, सुकू दिला आणि वर तपकिरी वॉश सोडला. ब्रश खांद्याला टेकवला तसा तो वॉश आपोआप खाली ओघळायला लागला, प्रत्येक चुणीत शिरला, गुडघ्यापाशी जिथे कापड दुमडलं होतं तिथे थोडा साचला, तो मी ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घेतला, आणि वरच्या कडा तशाच फिकट राहिल्या. दहा मिनिटांपूर्वी ते प्लास्टिक होतं आणि आता तो जुना मळका झगा होता!! मी वॉश वाळेपर्यंत तशीच बघत बसले. मग कंदिलाच्या बाजूच्या गालावर पिवळा, अगदी पातळ, दोन थर. त्या रात्री मला आठवलं की मी हे का करते.

आता व्हिडिओंबद्दल. बघू नका असं मी म्हणणार नाही, शिकायला मिळतं, पण 28 मिलिमीटरची फिगर कॅमेऱ्यात तळहाताएवढी दिसते आणि आपण आपली फिगर तिच्याशी ताडून बघतो. डोळेच घ्या ना, या साइजमध्ये एक डोळा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. खोबणीत गडद वॉश सोडला आणि भुवई, नाक, गाल उजळले की हातभर अंतरावरून चेहरा पूर्ण दिसतो, डोळे न काढताही. तुमची फिगर हातभर अंतरावरूनच बघा, कारण गेममध्येही ती तेवढ्याच अंतरावरून दिसते.

आणि टेबल. बसायच्या आधी पसारा आवरा, दिवा लावा, डबीतला रंग ढवळा यातच वीस मिनिटं जात असतील तर थकलेला माणूस बसणारच नाही. वेट पॅलेट करून ठेवा, झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर, बस्स. रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. उठताना उद्याचा पहिला रंग तिथेच काढून ठेवा, आणि शक्यतो एखादा आवडता भाग अर्धा झाला असतानाच उठा, कारण पूर्ण झाल्यावर उठलात की उद्या परत पहिल्यापासून मूड लावावा लागतो. वीस मिनिटं बसलात तरी खूप झालं.

प्रश्न : कॉन्ट्रास्ट पेंट वापरणं म्हणजे शॉर्टकट मारणं आहे का? मित्र म्हणतो की हे खरं पेंटिंगच नाही.

उत्तर : मित्राचं मनावर घेऊ नका. सिटाडेल या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग 2019 मध्ये आले, नंतर बाकीच्या कंपन्यांनीही तसे रंग आणले, आणि कित्येकांचे न रंगवलेल्या फिगरचे ढीग त्यामुळेच हलले. हा रंग पातळ असतो, उंचवट्यावरून खाली सरकतो आणि खाचेत गडद बसतो, म्हणजे सावली आणि उजेड एकाच थरात. अजून छान हवं तर आधी काळा प्रायमर मारा, त्यावर राखाडी आणि मग पांढरा ड्रायब्रश करा (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलका फिरवा) आणि त्याच्यावर हे रंग घ्या. मोठ्या सपाट भागावर मात्र तो डागासारखा साचतो, त्यामुळे चिलखताचे मोठे पत्रे नेहमीच्या रंगाने केलेले बरे. जे वापरल्यावर फिगर पूर्ण होतेय आणि तुम्हाला मजा येतेय ते पेंटिंगच आहे, माझं तरी हेच मत आहे.

प्रश्न : ताई, परीक्षांमुळे माझी दोन वर्षांची गॅप पडली. आता परत सुरू केलं तर रंग खडबडीत बसतोय, हात थरथरतो आणि आधीच्या फिगर बघून रडू येतं. मी सगळं विसरले का ग?

उत्तर : अगं नाही. आधी तुझे रंग तपास, कारण मला वाटतं निम्मा दोष त्यांचाच आहे. अॅक्रिलिक दोन वर्षं पडून राहिला की पिगमेंट (रंगाची पूड) तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणचट मिडियम राहतं. बाटलीत स्टीलची छोटी गोळी टाक आणि चांगलं मिनिटभर हलव. रबरासारख्या गुठळ्या झाल्या असतील तर जीव न अडकवता ती बाटली टाकून दे. प्रायमरही बघ, दमट हवेत किंवा खूप लांबून स्प्रे मारला की पावडरसारखा खडबडीत बसतो आणि मग वर कितीही मन लावून रंगव, ते खडबडीतच दिसणार. खराब झालेली फिगर प्लास्टिकची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घास, बहुतेक रंग निघतो (ग्लव्हज घाल, खिडकी उघडी ठेव आणि आसपास ज्योत नको). रेझिनच्या फिगरवर मात्र आधी कुठेतरी लपलेल्या कोपऱ्यावर ट्राय कर, काही रेझिन त्याने खराब होतात.

थरथरीचं म्हणशील तर दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव आणि कोपरं टेबलावर ठेव, म्हणजे फिगर आणि ब्रश एकत्रच हलतात. आणि तू बारीक कामाला 3/0 चा (अगदी बारीक) ब्रश घेत असशील तर तो ठेवून दे. त्याच्यात रंगच मावत नाही, टोकावर वाळतो आणि मग आपण दाबत बसतो. चांगलं टोक असलेला 1 नंबर घे, रंग थोडा पातळ कर आणि दोन थर दे. जुन्या फिगर सध्या कपाटात राहू देत, पण टाकू नकोस. पहिले दोन-तीन दिवस फक्त झग्याची पाठ, ढालीची मागची बाजू, बूट असलं काहीतरी रंगव, चेहऱ्याला हातच लावू नकोस. एखाद्या दिवशी बूट रंगवताना सोलच्या कडेची रेघ एका दमात सरळ निघेल, तेव्हा चेहरा घे.