काकांच्या आजाराला नाव द्यायची घाई

प्रिय ताई,
मी सांगलीकडची, पुण्यात एम.ए. सायकॉलॉजी करते. या सेमिस्टरला अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी आहे. जो धडा वाचते तो आजार मलाच झालाय असं वाटतं. डिप्रेशनच्या नऊ लक्षणांपैकी माझी सहा जुळली. रूममेटला मी बायपोलर म्हणाले, तेव्हापासून ती बोलत नाही. आणि दिवाळीत तर कहरच झाला. माझे धाकटे काका कित्येक वर्षं घरातच असतात, एकटेच पुटपुटतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतात. घरचे म्हणतात, 'त्याचं असंच आहे.' मी सगळ्यांदेखत सांगितलं की काकांना स्किझोफ्रेनिया आहे. बाबा फराळाची बशी सारून उठून गेले. आजी 'माझं काय चुकलं' म्हणत रडत बसली. आता मलाच झोप लागत नाही. हा आजार घराण्यात उतरतो ना? विषय सोडून देऊ का?
– एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

विषय सोडू नकोस. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं जरा निवांत वाचशील.

आधी तुझी सहा लक्षणं. हे दुखणं इतकं जुनं आहे की 'मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा आजार' म्हणूनच ते ओळखलं जातं, आणि सायकॉलॉजीची मुलंही त्यातून सुटत नाहीत. यादीतली लक्षणं तू मोजलीस, पण तिच्या वरची आणि खालची ओळ वाचलीस का? डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, त्याप्रमाणे नऊपैकी किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्यांत उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक तरी हवंच. आणि खालची अट अशी की त्यामुळे माणसाला चांगलाच त्रास होत असला पाहिजे किंवा त्याचं रोजचं जगणं अडलं पाहिजे. लक्षणांची यादी परीक्षेत मार्क देते म्हणून ती पाठ होते. खरं निदान मात्र या बाकीच्या ओळींवर ठरतं. रूममेटचंही तेच. सकाळी खूश आणि संध्याकाळी फुरंगटलेली, म्हणजे बायपोलर नव्हे. बायपोलरमधला मन चढण्याचा सौम्य प्रकार, म्हणजे हायपोमेनिया, त्यालासुद्धा सलग चार दिवस लागतात. तिची माफी माग आणि तिला चहा पाज.

झोपेचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस नीट झोप नसेल आणि अभ्यास, जेवण बिघडलं असेल, तर आपल्याला काय झालंय ते पुस्तकात शोधत बसू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. तो फुकट असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता घराण्याचं. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास जाते. काका-मामांना असेल, तर ती त्याहून बरीच खाली, शंभरात तीन-चार. एकसारख्या जुळ्यांत, म्हणजे सगळी जनुकं सारखी असतानाही, एकाला आजार असला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला तो होत नाही. म्हणजे रक्तातून काहीतरी येतं हे खरं, पण सगळं त्यानेच ठरत नाही. आणि हा सगळा हिशेब काकांना तोच आजार आहे असं धरून. ते अजून कुणी ठरवलंय?

इथे मी तुला जरा रागावणार आहे. १९६४ साली अमेरिकेत एका मासिकाने बारा हजारांहून जास्त मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, निवडणुकीला उभे असलेले बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का? हजाराहून जास्त डॉक्टरांनी, त्यांना एकदाही न तपासता, 'नाही' म्हणून कळवलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की ज्याला तपासलं नाही, त्याच्याबद्दल जाहीर मत द्यायचं नाही. पदवी घेतलेल्यांना जे बंधन, ते एका सेमिस्टरवाल्यांना नको? पुटपुटणं आणि संशय तू पाहिलास, ते खरंच आहे. पण तसंच चित्र दारूने, थायरॉईडने, बी-१२ च्या कमतरतेने, तीव्र नैराश्याने किंवा मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या आजारानेही दिसू शकतं. रक्त तपासल्याशिवाय आणि माणसाशी तासभर बोलल्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर ठाम बोलत नाही.

मला सगळ्यात जास्त आठवते ती तुझी आजी. 'माझं काय चुकलं' हा प्रश्न तिला आपोआप सुचला, कारण आपल्याकडे मुलाचं काहीही बिघडलं की बोट आईकडेच जातं. तुझ्या शास्त्रानेही एकेकाळी हेच केलं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, थंड पण मुलावर पकड ठेवणारी आई त्याला स्किझोफ्रेनियाकडे ढकलते, अशा अर्थाची कल्पना मांडली. पुढची काही दशकं कितीतरी आया तो डाग घेऊन जगल्या. संशोधनात त्याला आधार मिळाला नाही आणि ती कल्पना मोडीत निघाली. सुट्टीत घरी गेलीस की आधी आजीजवळ बस. आजाराचं नाव काढू नकोस. तिच्या वाढवण्यामुळे असं होत नाही, एवढं सांग. तिचा नातीवर विश्वास असणार. तुझ्या शिक्षणाचा घरातला पहिला उपयोग हाच होऊ दे.

मग बाबा. त्यांच्याशी एकटीने बोल, चारचौघांत नको. 'स्किझोफ्रेनिया' म्हणण्याऐवजी 'काकांना रात्री झोप लागत नाही, ते सतत घाबरलेले असतात, आपण एकदा डॉक्टरांना विचारू या का' असं म्हणून बघ. भीती आणि झोप यांवर घरातलं कुणीही वाद घालत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. काका पहिल्या वेळी यायला तयार नसतील, तर बाबांनी एकट्याने जाऊन डॉक्टरांशी बोलावं. घरचे आधी जाऊन बोलतात, ही त्यांना नवी गोष्ट नाही. इतक्या वर्षांनी काय फरक पडणार, असं कुणीतरी म्हणेलच. उशीर झाला हे खरं, पण भीती कमी होणं, झोप लागणं, ताटावर सगळ्यांबरोबर बसणं, एवढं उशिरा सुरू केलेल्या उपचारांनीही साधू शकतं.

आणि एखादे नातेवाईक गोळ्या भाजीत मिसळून द्यायचं सुचवतील. ते होऊ देऊ नकोस. शेजाऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला आपल्या ताटातही काहीतरी मिसळलंय हे कळलं, तर तो पुन्हा कुणाच्या हातचं जेवेल का? शिवाय काका सज्ञान आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्या उपचारांबद्दल ठरवण्याचा हक्क आजारी माणसालाही आहे, आणि गरज पडली तर त्याला त्यासाठी मदत करायची असते.

राहता राहिलं तुझं पुढचं. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, त्यासाठी आर.सी.आय.ची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते. त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली माणसं तपासायला मिळतात, आणि तिथे नाव द्यायची घाई आपोआप उतरते. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी संस्थेचं नाव आर.सी.आय.च्या यादीत आहे का, ते तेवढं बघून घे.

तुझी
ताई