नेहमीची क्रूझ की नवी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघं साठीच्या पुढचे. गेली कित्येक वर्षं क्रूझ म्हटलं की हॉलंड अमेरिका, दुसरं नाव काढत नाही. आता मुलगी-जावई मागे लागलेत की एकदा व्हर्जिन व्हॉयेजेसवर चला, तिथे लहान मुलं नसतात, जेवण भारी असतं, सगळं नवं कोरं. ह्यांना जायचंय, माझं मन होत नाही. नेहमीची लाइन सोडून तिकडे गेलो तर पस्तावू का? दोन्हींची नीट तुलना करून सांगाल?

उत्तर: ताई, सरळ सांगते, सगळं येऊन थांबतं ते तुमच्या संध्याकाळपाशी. तुमची जहाजावरची संध्याकाळ कशी असली की तुम्हाला सुट्टीवर आल्यासारखं वाटतं, हे एकदा दोघांनी बसून ठरवा, मग बाकीची तुलना आपोआप होते.

दिवसा फारसा फरक जाणवणार नाही. बंदरात उतरायचं, फिरायचं, दमून परत यायचं, डेकवर पाय लांब करून बसायचं, हे दोन्हीकडे तेच. जहाजांचा आकारही जवळपास सारखा. तुमच्या लाइनचं कोनिंग्सडॅम २०१६ चं, साधारण ९९,८०० टनेजचं आणि २,६५० प्रवाशांचं. व्हर्जिनचं स्कार्लेट लेडी साधारण १,१०,००० टनेजचं, २,७७० प्रवाशांचं. (हे टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं.) टनेजला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी जागा किती याचा अंदाज येतो, तो एकीकडे ३८ च्या आसपास येतो आणि दुसरीकडे ४० च्या, म्हणजे गर्दीच्या बाबतीत कागदावर तरी दोघी बरोबरीच्या. आणि दोन्ही जहाजं बांधलीत एकाच कंपनीनं, इटलीच्या फिनकांतिएरीनं. त्यामुळे नवी कंपनी म्हणजे जहाज कच्चं असेल अशी शंका असेल तर ती काढून टाका.

आता संध्याकाळ. हॉलंड अमेरिकावर मोठा डायनिंग रूम असतो, तुम्ही ठरलेली वेळ घेत असाल तर रोज तेच टेबल आणि वाढणारी माणसंही तीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही खुर्ची ओढायच्या आत वेटरला ठाऊक असतं की साहेबांना पाण्यात बर्फ नको, बाईंना जेवणानंतर डीकॅफ (कॅफीन नसलेली कॉफी) लागते, आणि ती न मागता येते, शेजारच्या टेबलावरची मंडळी "आज काय पाहिलंत?" म्हणून विचारतात आणि गप्पा रंगतात. जेवण उरकलं की तिथून उठून गाणं-बजावणं ऐकायला जायचं, पियानो, ब्लूज, जे आवडेल ते, आणि मग वेळेत झोप. वर्षानुवर्षं एकाच लाइनवर जाणाऱ्या बहुतेकांशी बोललं की कळतं, त्यांचा जीव ह्या संध्याकाळीत अडकलेला असतो, पण विचारलं की सांगतात मात्र "सर्व्हिस चांगली आहे".

व्हर्जिननं नेमकं हेच काढून टाकलंय, आणि ठरवून काढलंय. मोठा डायनिंग रूम नाही, ठरलेलं टेबल नाही, नेहमीचा बुफेसुद्धा नाही. त्याऐवजी वीसेक खाण्याच्या जागा, त्यातली सहा नीट बसून जेवायची रेस्टॉरंट्स. गनबे कोरियन, पिंक अगावे मेक्सिकन, एक्स्ट्रा व्हर्जिन इटालियन, द वेक स्टेक आणि सीफूडसाठी, टेस्ट किचनमध्ये शेफचे प्रयोग, आणि रॅझल डॅझल जिथे सुरुवातीला भाज्यांना मानाचं स्थान होतं (शाकाहारी असाल तर आताचा मेनू आधी बघून घ्या). ह्या सगळ्यांचं जेवण भाड्यातच येतं. तुमच्या लाइनवर पिनॅकल ग्रिल किंवा टॅमरिंडला वेगळे पैसे पडतात तसं इथे नाही. जेवणाच्या दर्जाबद्दल जावई म्हणतात ते मला पूर्ण पटतं, ह्या एका बाबतीत नवी लाइन पुढे आहे.

पण रोज संध्याकाळी वेगळी जागा, नवा वेटर, त्याला बर्फाचं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. जागा राखायची ती अ‍ॅपवर, आणि निघायच्या आधीच, कारण ज्या दिवशी बुकिंग उघडतं त्या दिवशी साडेसात-आठच्या वेळा पटापट संपतात, मग उरतात त्या एकतर लवकरच्या नाहीतर रात्री उशिराच्या. गनबेमध्ये तर अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसवतात, मधोमध ग्रिल, आणि सुरुवातच होते सोजूच्या (कोरियन दारूच्या) खेळानं. कुणाला त्यात धमाल येते, कुणाला कधी एकदा उठतो असं होतं. तुम्ही दोघं कुठल्या बाजूचे हे तुम्हालाच माहीत, आणि मला वाटतं तुम्ही दोघं एका बाजूचे नाही आहात.

रात्रीचंही तसंच. फॉर्मल ड्रेसची भानगड नाही, पण एक स्कार्लेट नाइट असते, सगळं जहाज लाल कपड्यांत, आणि शेवटी मंडळी स्विमिंग पूलमध्ये उड्या मारतात. संगीत मोठ्यानं असतं आणि उशिरापर्यंत चालतं. वय अठराच्या पुढे म्हणजे शांतता असा अर्थ काढू नका, मुलं नसतात म्हणून आवाज कमी असतो असं मुळीच नाही. निवांत कोपरे आहेत पण ते शोधावे लागतात. तुमच्या लाइनवर जहाजाभोवती पूर्ण फिरणारा प्रोमनाड डेक आहे, पाण्याच्या जवळ, लाटांचा आवाज ऐकत चालायचं. व्हर्जिनवर चालायचा ट्रॅक आहे तो वरती उघड्यावर, लाल रंगाचा, देखावा मस्त, पण वारा लागतो आणि पळणारी मंडळी शेजारून जात असतात.

स्टार्सचाही विचार करा. हॉलंड अमेरिकाच्या मरिनर सोसायटीत, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेत, २०० दिवस भरले की चौथा स्टार लागतो आणि कपडे धुऊन-इस्त्री करून फुकट मिळतात. लांबच्या सफरीत ही चैन किती मोठी वाटते ते ज्यांनी वापरलीय त्यांना विचारा. नव्या लाइनवर तुमची पाटी कोरी. काही कंपन्या दुसरीकडचं स्टेटस बघून थोड्या सवलती देतात, त्यामुळे बुकिंग करतानाच विचारून घ्या, नंतर विचारून उपयोग नसतो.

आणि एक गोष्ट जी नवी कंपनी नुसते पैसे ओतून उद्या आणू शकत नाही, ती म्हणजे मार्ग. अलास्काचं ग्लेशियर बे घ्या. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, त्यासाठी नॅशनल पार्ककडून परवानगी लागते आणि त्यातला मोठा वाटा हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस अशा मुरलेल्या लाइन्सकडे आहे. पार्कचे रेंजर जहाजावर चढून दिवसभर माहिती सांगतात. म्हणून अलास्काची सफर ठरवताना नुसतं "अलास्का" वाचून भुलू नका, कार्यक्रमात ग्लेशियर बे हे नाव आहे का ते बघा.

माझं मत विचाराल तर जा, पण चार-पाच रात्रींच्या छोट्या सफरीवर जा, मुलगी-जावयांबरोबर जा, आणि उबदार पाण्यातली निवडा, कॅरिबियनमधली, जिथे व्हर्जिनचा बहामातल्या बिमिनीचा बीच क्लब असतो, कारण ती लाइन तिथे रंगात असते. तुमची लांबची, आवडती, वर्षाची मोठी सफर मात्र नेहमीच्या लाइनवरच ठेवा. ह्यांना नवं बघायला मिळेल आणि तुम्हाला तुमचं टेबल सोडावं लागणार नाही. आणि पहिल्या रात्री जेवायला बसल्यावर "आपल्याकडे असं नसतं" हे वाक्य दोघांनीही म्हणायचं नाही असं आधीच ठरवून टाका, खरंच सांगते, त्या एका वाक्यानं चांगल्या सफरी कडू झालेल्या पाहिल्यात.

प्रश्न: जुन्या लाइनचं भाडं कमी दिसतं, नव्याचं जास्त. पण नवीवाले म्हणतात आमच्यात सगळं आलं. नक्की स्वस्त काय?

उत्तर: भाड्याचा आकडा बाजूला ठेवा आणि उतरताना हातात पडणारं बिल डोळ्यांसमोर आणा. एक कागद घ्या, दोन रकाने करा, आणि तुम्ही खरोखर वापरता तेवढंच लिहा. वायफाय, टिप्स, वेगळ्या रेस्टॉरंटमधली जेवणं, दारू, कॉफी, किनाऱ्यावरच्या सहली. हॉलंड अमेरिकाचं हॅव इट ऑल पॅकेज घेतलं तर ड्रिंक्स, वायफाय, एखादं खास जेवण, सहलींसाठी काही रक्कम हे एकत्र येतं. व्हर्जिनवर रेस्टॉरंट्स आणि व्यायामाचे ग्रुप क्लासेस भाड्यात आहेत, साधी कॉफी-चहा-सॉफ्ट ड्रिंक्सही, पण दारूचे पैसे वेगळे, त्यासाठी आगाऊ भरून ठेवायचा बार टॅब असतो. मद्य न घेणाऱ्यांना हे बरं पडतं, कारण दुसऱ्यांच्या ग्लासाचे पैसे आपल्या पॅकेजमधून जात नाहीत. उलट रोज संध्याकाळी वाइन लागत असेल तर तुमच्या जुन्या पॅकेजचाच हिशेब सरस निघू शकतो. आणि भाड्याचे प्रकार नीट वाचा, एकाच खोलीला दोन-तीन दर असतात, स्वस्तातला घेतला की रद्द केल्यावर पैसे परत नाहीत, कधी खोलीही ते देतील ती. टिप्स कुठल्या भाड्यात धरल्यात आणि कुठल्यात नाहीत हे तर लेखी घ्याच.

प्रश्न: नात सोळा वर्षांची आहे, दिसायला मोठी आहे, समजूतदार आहे. आजी-आजोबांबरोबर असेल तर व्हर्जिनवर चालेल का?

उत्तर: नाही. जहाजावर चढायच्या दिवशी अठरा पूर्ण लागतात, पालक बरोबर असले तरी सूट नाही, पासपोर्ट बघतातच. नातीला घेऊन जायचं तर रॉयल कॅरिबियनसारखी लाइन बघा, त्या वयाला करायला भरपूर असतं. नाहीतर दोन वर्षं थांबा.

प्रश्न: एका लाइनचं अगदी नवं जहाज येतंय, पहिल्याच सीझनला जायची फार हौस आहे. बुक करू का?

उत्तर: हौस असेल तर करा, पण तारीख सरकेल हे धरून करा. व्हर्जिनचंच बघा ना, स्कार्लेट लेडी फेब्रुवारी २०२० मध्ये तयार होऊन ताब्यात आलं आणि कोविडमुळे प्रवासी घेऊन निघायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला. ब्रिलियंट लेडी २०२३ च्या शेवटाला यायचं ते २०२५ मध्ये आलं. रिट्झ-कार्लटनचं एव्हरिमा २०२० चं म्हणत म्हणत ऑक्टोबर २०२२ ला निघालं. म्हणून विमानाची तिकिटं बदलता येतील अशीच घ्या, आणि ज्या तारखेवर लग्न, परीक्षा, ऑपरेशन असं काही टेकलेलं असेल ती तारीख नव्या जहाजाच्या भरवशावर सोडू नका. तारीख पाळली तरी पहिल्या एक-दोन महिन्यांत किचनचा आणि वाढणाऱ्यांचा ताळमेळ बसत असतो, अ‍ॅप अडकतं, एखादी जागा उघडलेलीच नसते. मी तीन-चार महिने थांबा म्हणेन.

स्वच्छतेची काळजी असेल तर अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची सीडीसी (तिथली सरकारी आरोग्य संस्था) तपासणी करते, १०० पैकी गुण देते, आणि ८५ किंवा त्याखाली आले की जहाज नापास. हे गुण जहाजाच्या नावानं इंटरनेटवर सापडतात, जुन्याचेही आणि नव्याचेही. जुन्या लाइनवर प्रेम असलं तरी तिचेही बघा.

प्रश्न: नव्या लाइनवर खोली कुठली घ्यावी? जुन्या जहाजावरची आमची खोली ठरलेली होती.

उत्तर: डेक प्लॅन उघडा आणि तुमच्या खोलीच्या वर काय, खाली काय हे आधी बघा. वरती पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा करकर आवाज, किचन असेल तर ट्रॉल्या, खाली नाइटक्लब असेल तर बासचा धडधडाट थेट उशीत. पुढच्या टोकाला खाली घेतलीत तर बंदरात लागताना सकाळी थ्रस्टर्सनी (जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्यांनी) जाग येते. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत अशी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली सगळ्यात सुखाची, हलतेही कमी. व्हर्जिनच्या सी टेरेस खोल्यांच्या बाल्कनीत लाल हॅमॉक (टांगलेली झोळी) असतो आणि तो खरंच छान आहे, पण कपाट छोटं आणि ड्रॉवर मोजकेच, तुमच्या जुन्या खोलीत मावत होतं तेवढं सामान इथे मावणार नाही, तेव्हा बॅग एक कमीच न्या.