अमेरिकेच्या एनबीए लीगपर्यंत पोचलेल्या कोरियन बास्केटबॉलपटूची कारकीर्द मायदेशी परतल्यावर कशी जाते?

मी दक्षिण कोरियाची केबीएल ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग नेमाने बघतो. तुमच्या प्रश्नाला लागू पडणारा खेळाडू एकच, हा सुंग-जिन (‘हा’ हे आडनाव). उंची 221 सेंटीमीटर. 2004 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स संघाने त्याला 46व्या क्रमांकावर निवडलं आणि एनबीएत खेळलेला तो पहिला कोरियन ठरला. दोन मोसमांत 46 सामने, सरासरी जेमतेम दीड गुण. 2006 मध्ये मिलवॉकीच्या संघाकडे रवानगी झाली आणि तिथे एकही सामना न खेळवता नारळ मिळाला.

लोक इथेच त्याला फ्लॉप ठरवून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. 2008 मध्ये केबीएलच्या ड्राफ्टमध्ये जोन्जूच्या केसीसी संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं आणि त्याच मोसमात संघ विजेता झाला. 2011 मध्ये पुन्हा विजेतेपद, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच! बास्केटखाली तो जागा धरून उभा राहिला की त्याला हलवणं कठीण. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, मात्र शेवटपर्यंत कच्चे राहिले.

खरी परीक्षा त्यानंतर होती. कोरियात लष्करी सेवा सक्तीची. इतक्या उंच माणसाला सैनिक म्हणून घेत नाहीत, पण त्याऐवजी सरकारी कामात सेवा द्यावीच लागते. 2012 ते 2014, म्हणजे सत्ताविशीच्या आसपासची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. एवढं जड शरीर दोन वर्षं स्पर्धेबाहेर राहिलं की पुन्हा लय सापडणं किती अवघड, हे पुढे दिसलंच. 1 जानेवारी 2015 ला सोलमध्ये, दुखापतीतून परतला त्याच सामन्यात, त्याचं नाक मोडलं. मैदान सोडून आत जाताना एका प्रेक्षक बाईने डिवचलं, तेव्हा तो चवताळून तिच्या दिशेने निघाला आणि लोकांनी त्याला आवरलं. त्याचं वागणं चुकलंच, पण त्या दिवशी मला राग आला तो डिवचणाऱ्यांचा.

2019 मध्ये केसीसीने नवा करार देऊ केला नाही. वय 33. दुखापतींचा इतिहास आणि पगार बघता दुसरा संघ मिळणंही सोपं नव्हतं, म्हणून त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे यूट्यूबवर तो कोरियन बास्केटबॉलमधल्या दडपशाहीच्या प्रशिक्षणावर उघडपणे बोलला. खेळत असताना असं बोलायची सोय तिथे फार थोड्यांना असते.