बारावीनंतर मोठ्या चेन स्टोअरमध्ये कामाला लागू का, तिथे नक्की कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की बारावी कॉमर्स झालीय, घराजवळ मोठं चेन स्टोअर उघडतंय, भरती चालू आहे, "एसीतलं काम आहे" असं मित्र म्हणतोय आणि घरचे नको म्हणतायत. मी जून २०१६ पासून तीन वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये अशाच एका स्टोअरला होतो, आधी कॅशला आणि मग स्टेपल्सला, म्हणजे डाळी-तांदूळ-साखर. स्टोअरचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही, कारण नंतर इतर चेनमधल्या पोरांशी बोललो तर सगळ्यांचं रडगाणं तेच.

एसीचं आधी मिटवून टाकतो. एसी गिऱ्हाइकासाठी असतो. मालाची गाडी लागते मागे, तिथे पन्नास किलोची पोती उतरवताना पंखाही धड नसतो, आणि सकाळी शटर वर जायच्या आधीचे दोन तास एसी बंदच असतो आणि सगळं भरायचं जड काम नेमकं त्याच दोन तासांत असतं. मित्राला सांगा.

मला पहिल्या दिवशी धक्का बसला तो गेटवरच्या रजिस्टरचा. आत जाताना खिशात किती पैसे आहेत ते लिहून सही करायची, मोबाईल लॉकरमध्ये, आणि बाहेर पडताना झडती, जेवायला निघालात तरी झडती. दिवसभरात माझ्या ड्रॉवरमधून लाख-दीड लाख फिरायचे आणि मी स्वतःचे ७० रुपये लिहून द्यायचो. एकदा आईने डब्याच्या पिशवीत गुपचूप २० ची नोट टाकली होती ती झडतीत निघाली, रजिस्टरमध्ये नाही, झालं, त्या २० रुपयांवर सुपरवायझर, सिक्युरिटीवाले काका आणि मी अर्धा तास उभे. काका मला रोज चहा पाजायचे, पण त्या दिवशी नजर वर करेनात, त्यांचीही नोकरीच ना.

आता कॅशचं काम. लोकांना वाटतं टूं-टूं करून माल पुढे सरकवायचा एवढंच. पण सुट्या मालाचं बघा. वजनकाट्यावर पिशवीला जो बारकोड लागतो तो २ ने सुरू होतो, कंपनीच्या पॅकबंद मालावर बहुतेक ८९० ने, हे आठवडाभरात पाठ होतं. त्या २ वाल्या कोडमध्येच मालाचा नंबर आणि वजन किंवा किंमत असते, मशीनला एवढंच कळतं. आत खरंच काय आहे ते कॅशियरच्या डोळ्याने ओळखायचं. तेव्हा तूरडाळ दीडशेच्या पुढे गेलेली, आणि लोक हरभराडाळीचं लेबल लावून घ्यायचे आणि मग कोपऱ्यात जाऊन पिशवी बदलायचे, किंवा वजन झाल्यावर वरून दोन मुठी टाकायचे. चांगल्या घरातले लोक हं. पिशवी हातात घेतली की जड लागते का बघायचं आणि बोलायचं मात्र असं की "काकू, लेबल चुकीचं लागलंय वाटतं, परत काटा करून आणू का?" चोर म्हणायचं नाही कधीच. तुम्ही म्हणालात तर तुमचीच नोकरी जाते.

८ नोव्हेंबर २०१६ सांगतो, कारण तो दिवस मी विसरूच शकत नाही. मंगळवार होता. दिवाळी नुकतीच संपलेली, आम्ही सगळे दहा-बारा दिवस नुसते पळून पळून मेलेलो, मंगळवार म्हणजे निवांत वार, साडेआठला फ्लोअर जवळजवळ रिकामा. आणि एकदम माणसं यायला लागली. आम्हाला काही कळेना, मोबाईल लॉकरमध्ये. माझ्या काउंटरवर एका माणसाने साबण, तेलाचे पाच लिटरचे तीन डबे, दोन कुकर असं ठेवलं आणि हजाराच्या नोटा मोजायला लागला, म्हटलं काय लग्नकार्य आहे का, तर तो म्हणे अहो पाचशे-हजार बंद झाले रात्री बारापासून. मला वाटलं चेष्टा करतोय. तोपर्यंत लाइन दूधाच्या फ्रिजपर्यंत गेलेली. नोटा घ्यायच्या का नाही, मॅनेजरलाही माहीत नव्हतं, तो सारखा हेड ऑफिसला फोन लावत होता, शेवटी घ्या म्हणाले. त्या रात्री घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता, आणि गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या पाकिटात बसभाड्यापुरते सुटे आणि एक पाचशेचीच नोट.

पण खरा त्रास पुढचे दोन महिने. आख्खा देश सुट्या पैशांसाठी रडत होता आणि लोक नवी दोन हजारची नोट घेऊन १४० रुपयांचा माल घ्यायचे. द्यायला पैसे नाहीत, कार्डचं मशीन अडकलेलं, मागे तीस माणसं, आणि त्यात कुणीतरी पुडी सोडलेली की दहाचं नाणं चालत नाही, म्हणजे आमच्याकडे जी नाणी होती तीही लोक घेईनात. याच काळात माझी कॅश ११४० रुपयांनी शॉर्ट आली. कुठे गेले आजही कळलेलं नाही, बहुतेक गर्दीत दोन नोटा जास्त गेल्या. पुढच्या पगारातून कापले, हातात तेव्हा साडेनऊ हजार यायचे. कुणी काही विचारलं नाही, मी पण गप्प बसलो. असे पैसे कापायच्या आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं हे कायद्यातच आहे, पण मला ते खूप नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

नंतर स्टेपल्सला बदली मागून घेतली. फ्लोअरवर इंटरव्ह्यूत न सांगितलेलं काम म्हणजे परतीचा माल. लोक घेतात, मन बदलतं, आणि जिथे असतील तिथे टाकून जातात. टॉवेलांच्या ढिगात श्रीखंड, बुटांच्या खोक्यामागे वितळलेला आइस्क्रीमचा फॅमिली पॅक, तांदळाच्या पोत्यांवर कोथिंबीर. शनिवारी-रविवारी रात्री अशा दहा-बारा ट्रॉल्या भरायच्या आणि सगळं जागच्या जागी लावेपर्यंत सुटका नाही, शटर दहाला पडलं तरी आम्ही अकरा-साडेअकराला बाहेर. आमच्याकडे एक मावशी होत्या, त्यांना मालाची तारीख बघायचं काम, त्या आठवडाभर जुना माल पुढे आणि नवा मागे लावायच्या, आणि गिऱ्हाईक हात कोपरापर्यंत आत घालून मागचाच पुडा काढणार. मावशी म्हणायच्या, "मी पण घरी तेच करते, त्यांना काय बोलू."

आणि उभं राहणं. कॅशला खुर्ची नव्हती, नऊ तास उभं. केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, तामिळनाडूत २०२१ ला झाला. आपल्याकडे गेल्यावर बघा कॅशियरच्या मागे स्टूल दिसतंय का. महिनाभरात माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, आणि बायकांना पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते मी कधी विचारलं नाही पण दिसायचं.

मग तीन वर्षं राहिलो का? एक तर पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ईएसआयवर झालं, बाहेर केलं असतं तर उसने काढावे लागले असते. दुसरं म्हणजे पगार तारखेला यायचा, आधी ज्या दुकानात होतो तिथे मालकाच्या मूडवर यायचा. आणि माणसं चांगली मिळाली, दुपारी डबे उघडले की आठ घरची भाजी. साप्ताहिक सुट्टी मिळते पण शनिवार-रविवार विसरा, तीन वर्षांत मी एकाही मावसभावाच्या लग्नात वेळेवर पोहोचलो नाही.

माझं विचाराल तर जा, पण वर्ष-दोन वर्षांसाठी, आणि कॉलेज बाहेरून चालू ठेवा. जॉइन व्हायच्या आधी दोन गोष्टी तोंडावर विचारा. एक, मी कंपनीच्या रोलवर आहे का एजन्सीच्या, म्हणजे नोकरीला कंपनीने ठेवलंय का मधल्या कंत्राटदाराने, कारण एजन्सी बदलली की तुमची वर्षं परत शून्यापासून मोजतात. दोन, क्लोजिंग शिफ्टला घरी कसं जायचं, गाडी आहे का आपापलं, हे मुलगी असाल तर घरच्यांसमोरच विचारा.

आणि बूट. ते देतात ते नका घालू, काळे चालतात ना विचारून स्वतःचे घ्या. घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय सुजतात तेव्हाच्या मापाचे. मी सकाळी घेतले होते, पहिल्या पगारातले बाराशे गेले आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली.