आधी फोन लाव

बाबू,

रात्री तुझा मेसेज पाहिला. सिनियर दादाच्या अकाउंटवरून डिस्कॉर्डच्या ग्रुपवर "फ्रीलान्स काम आहे, ही रेपो रन करून आजच टेस्ट द्या" असं आलं, तू ते उडवलं, अन् आता दादा चिडला तर काय म्हणून घाबरून राहिला. दादाला फोन लावला का? नाही ना. डिस्कॉर्डवरच "दादा, तूच आहेस ना?" विचारलं म्हणतो. अरे, ज्याच्या हातात अकाउंट आहे तो काय "नाही, मी चोर आहे" सांगणार आहे का बे? मेसेज जिथून आला तिथेच खात्री करायची नाही. फोन लाव.

त्या रेपोतली, म्हणजे त्या कोडच्या फोल्डरमधली, पॅकेज फाइल मी उघडून पाहिली, पोस्टइन्स्टॉलमध्ये, म्हणजे इन्स्टॉल झालं की आपोआप चालणाऱ्या जागी, एक स्क्रिप्ट बसवलीय, म्हणजे पोरानं कोडला लागणारी पॅकेजेस उतरवायला एनपीएम इन्स्टॉल मारलं की कोडची एक ओळ वाचायच्या आधीच ब्राउझरमधले पासवर्ड, लॉगिनचे टोकन, सर्व्हरमध्ये शिरायची एसएसएच की सगळं जायला मोकळं. अन् फायनल इयरची पोरं कामाचं नाव ऐकलं की थांबतात थोडीच.

"दादा तर किती वर्षांपासून ग्रुपमध्ये आहे" हे मला ऐकवू नको. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रकरणात जिया टॅन नावाचं अकाउंट 2021 पासून निमूटपणे पॅच, म्हणजे कोडच्या दुरुस्त्या, देत होतं, बाकीची अकाउंटं येऊन "काम फार हळू चाललंय" म्हणून ते सांभाळणाऱ्या एकट्या थकलेल्या मेंटेनरला टोचत राहिली, अन् 2024 ला 5.6.0 आवृत्तीत बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, निघालं. सापडलं कसं, तर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त काऊन लागतो म्हणून अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर हात धुऊन मागे लागला. असे खडूस लोक पाहिजेत.

मलाही खडूसच म्हणतात. एका पोराच्या अकाउंटवरून क्यूआर कोड फिरत होता, स्कॅन करून "हो" दाबलं की तुझ्या अकाउंटमध्ये समोरचा लॉगिन, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर दुसरा कोड, असलं तरी. मी त्याला म्यूट केलं, फोनवर बोलेपर्यंत उघडलं नाही, तो रागानं ग्रुपच सोडून गेला. चांगला पोरगा होता, कोणाचाही एरर रात्री बसून सोडवून द्यायचा, त्याची कमी अजून जाणवते. पण सांगतो तुला, उद्या परत तसं झालं तर परत तेच करीन. ग्रुपमधल्या बाकी पोरांच्या लॅपटॉपची काळजी कोण करणार, त्याचा राग?

अन् तुला वाटत असेल मोठ्यांना हे कळतं, तर 2025 च्या सप्टेंबरमध्ये चॉक, डीबग ही एनपीएमवरची पॅकेजेस सांभाळणारा मुरलेला माणूस "टू-फॅक्टर अपडेट करा, नाहीतर अकाउंट लॉक" अशा मेलला फसला. डोमेन होतं एनपीएमजेएस डॉट हेल्प, खरं असतं डॉट कॉम. मेलमधली लिंक सोडून साइट आपल्या हातानं उघडायची, तेही फोन लावण्यासारखंच झालं. घाई समोरच्याला असते, तुला कायची आहे?

आता दादाचं अकाउंट म्यूट कर, माफीबिफी नंतर. रेपो ज्यांनी रन केली त्यांना नेट बंद करायला सांग, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला अन् गिटहबचे टोकन रद्द करा म्हणा, कोणाचे पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930. दादा नागपूरच्या मिहानला ड्युटीवर असतो, सकाळी उचलणार नाही, जेवणाच्या सुट्टीत लाव.