जिन्याच्या कठड्याला १२ मिमी टफन्ड काच पुरेल का?

नुसती टफन्ड (म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) नको, लॅमिनेटेड टफन्ड घ्या: दोन टफन्ड काचा, मध्ये पीव्हीबीचा, म्हणजे काचांना चिकटून राहणाऱ्या प्लास्टिकचा थर. कठडे बसवायचंच काम करतो म्हणून सांगतो. टफन्ड काच फुटली की क्षणात चुरा होतो. तुकडे बोथट असतात हे खरं, पण कठड्यात भगदाड पडतं आणि टेकलेला माणूस खाली जातो. क्वचित ती धक्का न लागताही फुटते, आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे. लॅमिनेटेड तडकली तरी थराला धरून राहते. वर भक्कम हँडरेल आणि चारी बाजूंनी चौकट असेल तर नुसती टफन्ड चालून जाते. माप मात्र लादी बसल्यावरच द्या. टफन केल्यावर काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.